चाळिसांत एक उणे

धर्मातला वाद रंगवावयाचा म्हटला की आपल्या कथा-कादंबऱ्यांतून दोन पात्रे हटकून येतात. एक शास्त्रवचन तोंडावर फेकणारा, डोळ्यांत दयेचा लवलेश नसलेला म्हातारा. दुसरा तरुण, कनवाळू, वचनापलीकडचा माणूस पाहणारा. म्हाताऱ्याने अडवावे, तरुणाने त्याला निरुत्तर करावे आणि वाचकाने समाधानाने पान उलटावे, हा क्रम इतका पाठ झाला आहे की म्हाताऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असेल काय, ही शंकाही कोणाला येत नाही. ह्या साच्याचे एक फार जुने आणि फार प्रभावी उदाहरण म्हणजे ज्यू लोकांतील शब्बाथाचा वाद. तो वाद आपल्यापर्यंत पोचला तो मराठी बायबलातून. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन १८३१ साली आले. आमच्या राहुरीस रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी काही काळ संसार केला. पंडिता रमाबाईंनी तर मूळ भाषा शिकून सबंध बायबल मराठीत आणले. त्यामुळे 'शब्बाथ' आणि 'परुशी' हे शब्द देवळाली प्रवरेसारख्या उसाच्या गावातही अगदीच परके नाहीत. 'परुशी' म्हणजे ढोंगी, हे समीकरणही त्यांच्याबरोबर येऊन बसले. हे समीकरण वाङ्मयाच्या कसोटीला कितपत उतरते, हे येथे पाहावयाचे आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली शिक्षिका आणि चार कादंबऱ्या लिहिलेली बाई. पंडिताच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. पात्रांना बोलू दिले आहे की नाही, एवढेच मी पाहते.

प्रथम मूळ आज्ञा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत काम करावयाचे नाही. ही आज्ञा मोशेच्या ग्रंथांत दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण निराळे आहे. 'निर्गम'मध्ये कारण असे की देवाने सहा दिवसांत जग निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद'मध्ये कारण असे की तुम्ही मिसर देशात गुलाम होता, त्याची आठवण ठेवा. तुमच्या दासाला आणि दासीलाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. एका कारणाचा रोख आकाशाकडे आहे, दुसऱ्याचा घरातल्या गड्याकडे. आज्ञा एक आणि कारणे दोन, म्हटल्यावर वाद आज ना उद्या होणारच. त्यात आणखी भर अशी की काम म्हणजे काय, हे त्या ग्रंथांत फारसे सांगितलेलेच नाही. विस्तव पेटवू नये, पेरणी-कापणीच्या हंगामातही थांबावे, अशा तुरळक सूचना आहेत. त्या दिवशी लाकडे गोळा करणाऱ्या एका माणसाला दगडांनी मारल्याची कथा आहे. बाकी सारी जागा मोकळी. पुढची पाच-सहाशे वर्षे जो वाद चालला, तो ह्या मोकळ्या जागेत चालला.

वादाचे पहिले ठळक चित्र नहेम्याच्या आठवणींत सापडते. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हा अधिकारी यरुशलेमेस येतो. शब्बाथाच्या दिवशी द्राक्षे तुडविली जात आहेत, गाढवांवर धान्याची ओझी लादली जात आहेत, सोर नगरचे कोळी मासळी विकत आहेत, असे त्याला दिसते. तो सांज होताच वेशीचे दरवाजे लावून घेतो आणि आपले लोक पहाऱ्यावर बसवितो. व्यापारी एक-दोन वेळा वेशीबाहेर मुक्काम टाकतात. पुन्हा आलात तर हात टाकीन, असा दम भरल्यावर येईनासे होतात. चित्र सुरेख आहे. बंद वेस, बाहेर तळ दिलेले लोक, आत रिकामा बाजार. पण बाहेर बसलेल्या त्या मासळीवाल्याची मासळी रात्रीत नासली असेल, हे नहेम्याच्या लेखणीला सुचत नाही. त्याच शतकातला एक खापराचा तुकडा मात्र मिसर देशात, आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर, ज्यू शिपायांच्या वसाहतीत सापडला आहे. त्यावर यिस्लाह नावाच्या बाईला लिहिलेले पत्र आहे. उद्या शब्बाथाच्या दिवशी भाजीची होडी येत आहे, ती गाठ, भाजी वाया जाऊ देऊ नकोस, नाहीतर तुझी धडगत नाही, अशा आशयाचे. आणि ही धमकी देवाचीच शपथ घेऊन दिलेली! एकाच देवाची माणसे, एकच दिवस. एका गावी त्यासाठी वेस बंद होते आणि दुसऱ्या गावी त्या दिवशी होडी गाठावी लागते. दिवस पाळणे म्हणजे काय, ह्यावर एकमत कधीच नव्हते, हे ह्या दोन कागदांवरून, म्हणजे एक कागद आणि एक खापर यांवरून, स्पष्ट होते.

पुढे हा वाद जिवावर बेतला. इ. स. पूर्व १६७च्या सुमारास अंतियोख राजाने ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी आणली, तेव्हा काही धर्मनिष्ठ लोक बायकामुले आणि गुरेढोरे घेऊन रानात जाऊन लपले. सैन्याने त्यांना शब्बाथाच्या दिवशी गाठले. त्यांनी उलट एक धोंडाही फेकला नाही, लपण्याच्या जागांची तोंडेही बुजविली नाहीत. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात हजारभर माणसे मेल्याचे लिहिले आहे. ही बातमी ऐकून मत्तथ्या आणि त्याचे सोबती शोक करतात आणि ठरवितात की ह्यापुढे त्या दिवशी कोणी चालून आला तर लढावयाचे; नाहीतर पाळणारेच उरणार नाहीत. ग्रंथकार मेलेल्यांना मूर्ख म्हणत नाही आणि लढणाऱ्यांना पाखंडी म्हणत नाही. दोघांचाही मान राखून तो पुढे जातो. हा संयम मला थोर वाटतो. पण निर्णयालाही कडा असते. शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ६३ मध्ये, रोमन सेनापती पाँपी यरुशलेमेस वेढा घालून बसला. थेट हल्ला झाला तर त्या दिवशी प्रतिकार करावा, एवढीच मुभा होती. शत्रू नुसती माती टाकीत असेल तर त्याला अडविण्याची नव्हती. रोमनांनी हे हेरले. शब्बाथाच्या दिवशी ते बाण न मारता निवांतपणे भराव रचीत राहिले आणि तटावरची माणसे तो चढताना पाहत राहिली. योसेफस ह्या इतिहासकाराने हे नोंदवून ठेवले आहे. एका पिढीची सवलत दुसऱ्या पिढीचा फास कशी ठरते, ह्याचे इतके बोलके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता त्या बदनाम शास्त्र्यांकडे वळू. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' ह्या ग्रंथात शब्बाथावर एक सबंध प्रकरण आहे. त्यात निषिद्ध कामांची यादी येते. त्यांची संख्या एकोणचाळीस, पण ग्रंथ सांगतो 'चाळिसांत एक उणे' अशा पद्धतीने. वरवर पाहणाऱ्याला ही कारकुनी वाटेल. मी ती यादी वाचली तेव्हा माझ्यातल्या कादंबरीकाराला ते एक सबंध गाव वाटले. पेरणे, नांगरणे, कापणे, पेंढ्या बांधणे, मळणे, उफणणे, निवडणे, दळणे, चाळणे, मळून भिजविणे, भाजणे. अकरा कामांत भाकर झाली! मग लोकर कातरणे, धुणे, पिंजणे, रंगविणे, सूत काढणे, विणणे, शिवणे, कापड झाले. मग जनावर मारणे, सोलणे, खारविणे, कमावणे. चामडे झाले आणि त्यावर दोन अक्षरे लिहिणे आले. मग बांधणे-पाडणे, विझविणे-पेटविणे, हातोड्याचा शेवटचा घाव, आणि एका जागेतून दुसऱ्या जागी वस्तू नेणे. आमच्याकडचे बारा बलुतेदार एका पंक्तीला बसवावेत, तशी ही यादी आहे. ज्यांना श्रमाबद्दल तुच्छता आहे, त्यांना ती सुचणार नाही. एखाद्याला थांब म्हणावयाचे तर तो काय करतो आहे, हे आधी बारकाईने पाहावे लागते. ह्या माणसांनी ते पाहिले होते.

त्यांच्यातही दोन घराणी होती, शम्मायचे आणि हिलेलचे. शम्मायचे लोक म्हणत, शाई किंवा रंग भिजत घालावयाचा तर शुक्रवारी दिवस असतानाच भिजून होईल असा घाला. जाळे लावावयाचे तर सूर्य मावळण्यापूर्वी शिकार अडकेल असे लावा. हिलेलचे लोक म्हणत, हात दिवसा काढून घेतला म्हणजे पुरे. रंग रात्री आपोआप मुरला तर मुरू दे. हा केसाचा कीस काढणे आहे काय? मला तसे वाटत नाही. पुढच्या पंडितांनी ह्यातला खरा प्रश्न उलगडून ठेवला आहे: विसावा माणसाचा की त्याच्या भांड्याकुंड्यांचाही? मी झोपले असताना माझे जाळे माझ्यासाठी राबत असेल, तर मी खरोखर थांबले काय? व्याजावर जगणाऱ्या आजच्या जगाला शम्मायचा हा प्रश्न झोंबावयास हवा. आणि उदारमतवादी हिलेलच्या बाजूचे घर कसे वागत होते? धोबी परधर्मी असेल तर सूर्य असेतो त्याच्याकडे कपडे टाकावयास हरकत नाही, असे हिलेलचे मत. पण रब्बान गम्लिएलच्या घरी पांढरे कपडे तीन दिवस आधीच धोब्याकडे जात, असे त्याचा मुलगाच सांगतो. मत सौम्य आणि घरची रीत कडक! असा माणूस माझ्या कादंबरीत आला तर मी त्याला दारातच आसन देईन.

वाद चुलीपर्यंतही येतो, आणि तेथे माझ्यासारख्या बाईचे कान टवकारतात. शुक्रवारी शिजवून ठेवलेले अन्न ऊन राहावे म्हणून चुलीवर ठेवावे काय? चूल काडीकचऱ्यावर तापलेली असेल तर ठेवावे. लाकडांवर तापलेली असेल तर निखारे ओढून घेतल्यावर किंवा वर राख पसरल्यावर ठेवावे. शम्मायचे लोक म्हणतात, ऊन पाणी ठेवा, कालवण नको. हिलेलचे म्हणतात, दोन्ही ठेवा. शम्मायचे म्हणतात, भांडे उतरवा, पण पुन्हा वर ठेवू नका. हिलेलचे म्हणतात, पुन्हा ठेवलेत तरी चालेल. हे वाचताना मला धर्मशास्त्राचा वास आला नाही, राखेचा आला. भांडे एकदा उतरले की पुन्हा ठेवता येत नाही, ही अडचण ज्याने जेवणारांच्या दोन पंगती पाहिल्या आहेत त्यालाच कळेल. परमेश्वराची आज्ञा आणि पातेल्याचे बूड यांच्यामधले अंतर ह्या माणसांनी पायी चालून मोजले होते.

सर्वांत बोलका आहे तो जनावराचा प्रश्न. शब्बाथाच्या दिवशी जनावर खड्ड्यात पडले तर? नगर जिल्ह्यात कठडा नसलेल्या विहिरींची वाण नाही. त्यामुळे हा प्रश्न येथे कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पंथाशी निगडित अशा 'दमास्कस ग्रंथा'ने उत्तर दिले: वर काढू नये. ह्या ग्रंथाच्या प्रती प्रथम कैरोत आणि पुढे १९४७ नंतर कुमरानच्या गुहांतून मिळाल्या. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू विचारतो की आपले मेंढरू पडले तर तुमच्यातला कोण त्याला हात धरून वर काढणार नाही? आणि पुढचे रब्बी मधली वाट सांगतात: त्याला तेथेच चारापाणी द्या; खाली गाद्या-उशा टाका; त्यांवर पाय देऊन ते आपोआप वर आले तर आले. माणसाच्या बाबतीत कुमरानकडचाही सूर थोडा खाली येतो: पाण्यात पडलेल्याला काढण्यासाठी हत्यार नेऊ नये, पण अंगावरचे वस्त्र त्याच्याकडे टाकावे. रब्बींचा तर ह्या बाबतीत निःसंदिग्ध निर्णय आहे. घर कोसळले आणि खाली कोणी आहे की नाही, आहे तो जिवंत आहे की मेलेला, असा नुसता संशय असला तरी ढिगारा उपसावा. जिवाच्या शंकेपुढे शब्बाथ मागे सरतो. 'परुशी म्हणजे निर्दय' असे लिहिण्यापूर्वी आपल्या लेखकांनी हे पान एकदा वाचावयास हवे होते.

मग शुभवर्तमानातल्या दृश्यांचे काय? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शिष्य शेतातून जाताना कणसे मोडतात आणि परुशी हटकतात. तक्रार चोरीची नाही; चालता चालता शेजाऱ्याच्या शेतातली कणसे हाताने तोडण्याची मोशेच्या नियमानेच मुभा होती. तक्रार कापणीची आहे, म्हणजे यादीतल्या तिसऱ्या कामाची. येशू दावीद राजाचा दाखला देतो आणि माणूस व दिवस यांत कोण कोणासाठी, ह्याचा निकाल माणसाच्या बाजूने लावतो. निकाल तेजस्वी आहे. पुढे शंभरावर वर्षांनी रब्बी शिमोन बेन मनास्यानेही जवळजवळ तोच निकाल दिला, हे आपण विसरतो. लगेच पुढच्या अध्यायात वाळलेल्या हाताच्या माणसाला येशू बरा करतो. आज जीव वाचवावा की घ्यावा, असे तो विचारतो आणि समोरचे गप्प राहतात. कलेच्या दृष्टीने माझे बोट ह्या गप्प राहण्यावर आहे. त्यांच्याजवळ उत्तर होते. हात वाळलेला होता, जीव धोक्यात नव्हता. सूर्य मावळेपर्यंत थांबता आले असते. मार्कने हे उत्तर त्यांच्या तोंडी येऊ दिले नाही, म्हणून दृश्य वेगवान झाले आणि उथळही.

लूकने हीच गोष्ट तेराव्या अध्यायात अधिक चांगली लिहिली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक बाई आहे. येशू तिला सरळ करतो. सभास्थानाचा अधिकारी संतापतो. तो संतापला आहे येशूवर, पण बोलतो मात्र लोकांना उद्देशून: कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी बरे व्हावयास या. अशी एक ओळ लिहिण्यासाठी माणूस ओळखावा लागतो. ज्याच्यावर राग त्याच्याकडे न पाहता दुसऱ्यांना सुनावणारा हा अधिकारी प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत बसलेला आहे. आणि त्याचे म्हणणे पोकळ नाही. अठरा वर्षे थांबली ती आणखी एक सांज थांबली असती. येशूचे उत्तरही धर्मशास्त्राबाहेरचे नाही: तुम्ही आजच्या दिवशी बैल, गाढव दावणीचे सोडून पाण्यावर नेता ना? मग ही अब्राहामाची लेक अठरा वर्षे बांधलेली, हिला सोडावयाचे नाही? बांधणे आणि सोडणे ही त्या यादीतलीच दोन कामे. कोणती गाठ चालते, कोणती नाही, ह्यावर शास्त्र्यांनी पुष्कळ विचार केलेला. येशू त्यांच्याच आखाड्यात, त्यांच्याच डावाने लढतो. लहानात सूट आहे तर मोठ्यात का नाही, हा तर त्यांचा नेहमीचा युक्तिवाद. येथे प्रतिपक्ष बोलला, म्हणूनच उत्तराला धार आली. मार्कमध्ये विजय दिसतो, लूकमध्ये वाद दिसतो, आणि वाद लिहिणे हे विजय लिहिण्यापेक्षा कठीण काम आहे.

आपल्याकडे ह्याचे साम्य शोधावयाचे तर ते एकादशीत आहे. दशमीचा वेध किती चालतो, ह्यावरून स्मार्तांची एकादशी एके दिवशी आणि भागवतांची दुसऱ्या दिवशी, हे पंचांगात आजही छापलेले असते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' १७९० साली पुरा केला. त्यात तिथिनिर्णयाची जी चिकाटी आहे, ती पाहून मिश्नाच्या शास्त्र्यांनी त्यांना जवळ बसविले असते. पण उपवासाने उपाशी राहतो तो पाळणारा. शब्बाथात गड्याला आणि बैलालाही विसावा द्यावा लागतो, हा मोठा फरक. आमच्याकडे बैलाचा पोळा वर्षातून एकदा येतो.

शब्बाथ महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिला तो मात्र कोकणात. अलिबाग-पेणच्या बाजूला शतकानुशतके घाण्यावर तेल काढून राहिलेले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. सोमवार पाळणारे ते 'सोमवार तेली'. त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा ग्रंथ बुडाले. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला आणि १९३७ मध्ये छापला गेलेला ह्या समाजाचा इतिहास वाचताना जाणवते की हिलेल-शम्मायचा एकही निर्णय हाताशी नसताना ह्या लोकांनी दिवस टिकविला. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधले. त्यापूर्वी घाणा थांबणे हीच त्यांची खूण होती. घाण्याचा बैल त्या दिवशी डोळ्यांवरची झापडे काढून उभा राहत असेल. आज्ञेतल्या बैलापर्यंत ती आज्ञा पोचली होती, एवढे खरे. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलात गेले. पण शेजाऱ्याने ठेवलेले ते नाव माझ्या मते एक छोटी समीक्षाच आहे. शेजाऱ्यांनी त्यांचा देव विचारला नाही, ते कधी थांबतात एवढेच पाहिले आणि त्यावरून त्यांना ओळखले.

आता शेवटची शंका, आणि ती माझी स्वतःची आहे. आज्ञेतली यादी पुन्हा वाचा: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारचा उपरा. ह्या यादीत बायको नाही. भाष्यकार सांगतात, 'तू' म्हटले की तीही आली. असेल. पण शुक्रवारच्या उतरत्या उन्हात दिवसभराचे अन्न शिजवून, राख पसरून, दिवा लावून जी घराचा विसावा उभा करते, तिचा निराळा उल्लेख करावा असे कोणाला वाटले नाही. आमच्याकडेही हेच. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीचा भोंगा थांबला, चाळीतली चूल थांबली नाही. आणि कारखान्याचा हंगाम लागला की आमच्या फडांत कोयता थांबत नाही. तो चालविणाऱ्या जोडप्यातली बाई पहाटे भाकरी थापून मग मोळ्या उचलते. तिचा विसाव्याचा वार कोणता, हे कोणत्याही पंचांगात छापलेले नाही.

हा वाद मग आज वाचावयाचा कशासाठी? मिश्नाने आणखी एका ठिकाणी स्वतःलाच विचारले आहे की निर्णय बहुमताने होतो, तर एकट्यादुकट्याचे हरलेले मत लिहून ठेवावयाचे कशाला? एक उत्तर असे की पुढे एखाद्या पंचायतीला तेच योग्य वाटले, तर तिला आधार राहावा. दुसरा एक रब्बी म्हणतो, तसे नव्हे. कोणी जुने मत घेऊन उभा राहिला तर ते कोणाचे, हे त्याला सांगता यावे म्हणून. मतभेद का जपावा, ह्यावरही मतभेद, आणि तोही जपलेला! आपल्या कादंबरीतल्या त्या म्हाताऱ्याला एवढे तरी मिळावे. त्याला हरवावयाचे असेल तर खुशाल हरवा. पण त्याचे वाक्य पुरते लिहा. त्या वाक्याची गरज उद्या कोणाला पडेल, हे लिहिणाराला कधीच माहीत नसते. कदाचित फडातल्या त्या बाईला, आपल्या दिवसाची मागणी करताना, शम्मायचाच प्रश्न उपयोगी पडेल: दुसऱ्याचे हात माझ्यासाठी चालू आहेत, तोवर मी थांबले असे म्हणावे काय?